रवा इडली: तांदूळ मिळेना तेव्हाची

रवा इडली दहा मिनिटांत होते, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. होते, पण प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागतो. हा पदार्थ घाईतून नाही, टंचाईतून आला. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडचा तांदूळ यायचा बंद झाला. बेंगळुरूच्या एमटीआरमध्ये, म्हणजे मावळ्ळी टिफिन रूम्स या उपाहारगृहात, तांदळाऐवजी रवा वापरून पाहिला गेला तो याच महायुद्धाच्या काळात. त्या पिढीतल्या कुणापुढे ही ताटली ठेवली, की बोलणं रेशनच्या रांगांवर जाणारच.

एक वाटी रवा, एक वाटी आंबट दही. रवा उपम्याचा, जाडसर. बारीक रव्याचा चिकट गोळा होतो. तुपात मोहरी, हरभऱ्याची डाळ, काजूचे तुकडे, आलं, मिरची, कढीपत्ता यांची फोडणी करून त्यातच रवा मंद आचेवर परता. खमंग वास सुटला की उतरवा, रंग बदलू देऊ नका. पूर्ण गार झाल्यावरच मीठ, दही आणि अर्धी वाटी पाणी घाला. गरम रव्यात दही फुटतं.

खरी गोम आता आहे. वीस मिनिटांनी झाकण काढा, मघाचं सैल पीठ घट्ट झालेलं दिसेल. पाककृती इथे 'गरजेप्रमाणे पाणी' म्हणून मोकळ्या होतात. गरज कशी ओळखायची? आधी रव्याचा एक दाणा बोटांत चिरडा. आत कचकच लागली तर रवा भिजलेला नाही. थोडं पाणी घालून आणखी दहा मिनिटं थांबा. मग चमचा कलता करून पाहा. पीठ धार लागून वाहायला नको आणि चिकटूनही बसायला नको, गोळ्याने धपकन पडलं पाहिजे.

एवढं जमलं तरच सोडा, आणि तोही सगळ्यात शेवटी. इडलीपात्रातलं पाणी खळखळ उकळतंय, साच्यांना तूप लावलंय, मगच चहाचा पाव चमचा खायचा सोडा घाला. दह्याच्या आंबटपणाशी त्याची गाठ पडली की लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. एरवी हे काम रात्रभर आंबलेलं उडदाचं पीठ करतं, इथे तुमच्या हातात काही मिनिटंच असतात. त्या वेळात फोन वाजला तर वाजू द्या. एकाच दिशेने ढवळा वगैरे सल्ले सोडून द्या; हलक्या हाताने मिसळलं की पुरे, घोटलंत तर बुडबुडे गेले. दोन घाणे काढायचे असतील तर पिठाचे आधीच दोन भाग करा आणि दुसऱ्यात सोडा त्याची पाळी आल्यावर घाला. हे कुणी सांगत नाही आणि मग दुसऱ्या घाण्याच्या चपट्या इडल्यांचा दोष रव्यावर जातो. जास्त फुगाव्यात म्हणून सोडा वाढवू नका, इडली पिवळट पडते आणि साबणासारखी लागते. दही गोड असेल तर थोडं लिंबू पिळा.

दहा-बारा मिनिटं वाफवा. कुकर असेल तर शिटी काढून. दोन मिनिटं निवल्यावर साच्यातून सोडवा.

बरोबर बटाट्याचा सागू, म्हणजे कर्नाटकी रस्सा भाजी, चटणी आणि वरून तूप. सांबारात मात्र बुडवू नका, ती लगेच विरघळून लापशी होते.