पहिल्यांदा खासदार झालात? मागच्या बाकावरून काम करताना या चुका टाळा

२४ जून २०२४ ला अठराव्या लोकसभेचं पहिलं अधिवेशन सुरू झालं आणि २ जुलैला संपलं. शपथ, अध्यक्षांची निवड, राष्ट्रपतींचं अभिभाषण आणि त्यावरची चर्चा, बस, प्रश्नोत्तराचा तास नव्हताच. ५४३ पैकी २८० जण या लोकसभेत पहिल्यांदा आले होते. अशा वेळी नवीन खासदार काय करतो, तर मतदारसंघात परत येतो, सत्कार होतात, आभार दौरा निघतो, आणि म्हणतो की बजेट अधिवेशन २२ जुलैला आहे, तेव्हा बघू. पण लोकसभेत प्रश्नाची नोटीस १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे २२ तारखेचा प्रश्न जुलैच्या पहिल्याच आठवड्यात गेलेला असायला हवा, आणि त्या आठवड्यात आपल्याकडे अजून हार-तुरेच चालू असतात.

मी दिल्लीत एका नवीन खासदार साहेबांच्या ऑफिसात प्रश्नांचे कच्चे मसुदे करायचं काम केलंय आणि आमचाही पहिला आठवडा असाच गेला. साहेब मनापासून तयारी करून आले होते, मतदारसंघातल्या प्रश्नांची फाईल हातात होती, पण त्या फाईलमधला एकही कागद वेळेत नोटीस ऑफिसला पोचला नव्हता. म्हणून हे सगळं लिहितोय, नवीन खासदारांसाठी, त्यांच्या पीएसाठी, आणि आमचे खासदार सभागृहात नेमकं करतात काय असं विचारणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीसुद्धा.

तारखेवरचा उपाय साधा आहे. अधिवेशन जाहीर झालं की लोकसभा सचिवालय बुलेटिन भाग २ काढतं, त्यात कुठल्या बैठकीला कुठली मंत्रालयं आणि नोटीस द्यायची शेवटची तारीख कुठली हे सगळं असतं. ते पान प्रिंट काढून दिल्लीच्या आणि गावाकडच्या दोन्ही ऑफिसांत भिंतीवर लावा. फक्त व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करून ठेवू नका, ते कुणी उघडत नाही.

प्रश्न भलत्याच मंत्रालयाला जातो

ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते आणि कुणाला कळतही नाही. कांद्याचंच बघा. नाशिक, दिंडोरी, नगर, सोलापूरकडचा कुठलाही खासदार कांद्यावर प्रश्न विचारणारच, आणि कांदा म्हणजे शेती म्हणून तो डोळे झाकून कृषी मंत्रालयाला पाठवतो. पण ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं तो विषय अर्थ मंत्रालयाचा, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती वाणिज्य मंत्रालयाच्या परकीय व्यापार महासंचालनालयाची, आणि नाफेड, एनसीसीएफ या सहकारी संस्था बफर स्टॉकसाठी, म्हणजे सरकारी राखीव साठ्यासाठी, जी खरेदी करतात ती ग्राहक व्यवहार विभागाच्या सांगण्यावरून. कृषीला विचारलं तर प्रश्न दुसऱ्या मंत्रालयाकडे वर्ग होतो, त्या मंत्रालयाचा वार वेगळा असतो, किंवा मग लागवडीखालचं क्षेत्र आणि उत्पादनाचे आकडे असलेलं एक कोरडं उत्तर येतं ज्याचा लासलगावच्या शेतकऱ्याला काडीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नाची भाषा. आमचा पहिला मसुदा होता, सरकार कांदा उत्पादकांवर सतत अन्याय का करत आहे? भावना शंभर टक्के खरी होती, पण हा प्रश्न मंजूर होणार नाही, कारण प्रश्नात आरोप, टोमणा किंवा मत मागणं चालत नाही आणि शब्दही साधारण १५० च्या आत लागतात. तोच विषय असा मांडा: गेल्या दोन वर्षांत कांद्यावरचं निर्यात शुल्क किती वेळा आणि कुठल्या तारखांना बदललं, प्रत्येक बदलाआधी उत्पादक राज्यांचं म्हणणं घेतलं का, बफरसाठी महाराष्ट्रातून जिल्हानिहाय किती टन खरेदी झाली आणि सरासरी दर काय मिळाला, पैसे किती दिवसांत दिले. आता यातल्या प्रत्येक तुकड्याला मंत्रालयाला आकड्यात उत्तर द्यावं लागतं, आणि आकडा एकदा सभागृहाच्या पटलावर आला की तो सरकारचाच आकडा असतो, त्यावर पुढे वर्षभर बोलता येतं, पत्र लिहिता येतं. शुल्काचा भाग अर्थला आणि खरेदीचा भाग ग्राहक व्यवहारला, असे दोन वेगळे प्रश्न करा.

आणि जे राज्याचं आहे ते केंद्राला विचारून उपयोग नाही, पोलीस ठाणं, सातबारा, जिल्हा परिषदेची शाळा हे तिथे नाकारलं जाणार. मुंबई–गोवा हायवे चालतो, तो राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे. गावाच्या आतला रस्ता नाही चालत.

एका दिवसासाठी एका खासदाराला जास्तीत जास्त ५ नोटिसा देता येतात, क्रम बॅलटने, म्हणजे चिठ्ठी काढून लागतो, आणि रोज तोंडी उत्तरासाठी २० तारांकित आणि लेखी उत्तरासाठी २३० अतारांकित एवढेच प्रश्न यादीत येतात. त्यामुळे तारांकित लागला नाही म्हणून रुसून बसायचं कारण नाही, मागच्या बाकावरच्या माणसाचं खरं हत्यार अतारांकितच आहे असं माझं ठाम मत झालंय. तारांकित लागलाच तर दोन पुरवणी प्रश्न विचारायची संधी मिळते, ते छोटे ठेवा आणि छापील उत्तर नीट वाचून त्यातल्याच एखाद्या भोकावर बोट ठेवा. त्या दीड मिनिटात मतदारसंघाचा इतिहास सांगायला गेलं की अध्यक्ष म्हणतात प्रश्न विचारा, आणि मंत्री भलत्याच गोष्टीचं उत्तर देऊन मोकळे होतात.

इथेच एक गंभीर गोष्ट. प्रश्न पाठवायच्या पोर्टलचं लॉगिन आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात देऊ नका, पीएच्याही नाही. मसुदा आम्ही करू, पण वाचून पाठवायचं काम खासदारानेच करायचं. २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात दोन्ही सभागृहांचे मिळून ११ खासदार बडतर्फ झाले होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये लॉगिन दुसऱ्याला दिल्याच्या मुद्द्यावरूनही एका सदस्याला लोकसभेतून काढलं गेलं. कुणी उद्योजक किंवा संघटना तयार प्रश्न आणून देते तेव्हा यात आपल्या मतदारसंघाचा काय संबंध एवढं स्वतःला विचारा, उत्तर नसेल तर तो कागद बाजूला ठेवा.

शून्य प्रहर की नियम ३७७?

नवीन लोकांना शून्य प्रहर, म्हणजे प्रश्नोत्तरांनंतर तातडीचे विषय मांडायचा वेळ, फार आवडतो कारण त्याची क्लिप होते. चांगलं आहे, करा, सकाळी १० च्या आत नोटीस द्या, बॅलटमध्ये नाव आलं की मिनिट-दोन मिनिटांत मुद्दा मांडा. पण त्याला उत्तर द्यायचं बंधन मंत्र्यावर नाहीये. हे माहीत नसल्यामुळे खासदार गावात येऊन सांगतात की विषय मांडलाय, आणि सहा महिन्यांनी लोक विचारतात काय झालं तर हातात कागदच नसतो. ज्या विषयात लेखी उत्तर हवंय, उदाहरणार्थ एखाद्या स्टेशनवर गाडी थांबवायची आहे किंवा पोस्ट ऑफिस बंद होतंय, तो नियम ३७७ खाली द्या. साधारण २५० शब्द, आठवड्यात एकदाच, आणि नंतर मंत्रालयाकडून लेखी उत्तर येतं. फक्त एक सांभाळा, ३७७ मध्ये मंजूर झालेला मजकूरच वाचायचा असतो, उभं राहिल्यावर उत्साहात आणखी चार वाक्यं जोडली तर ती रेकॉर्डवर जात नाहीत.

सभागृह तहकूब झालं, आता?

गदारोळात प्रश्नोत्तराचा तास गेला की नवीन खासदाराचा चेहरा उतरतो, पंधरा दिवसांची मेहनत गेली असं वाटतं. पण तारांकित प्रश्नाचं उत्तर तोंडी झालं नाही तरी ते लेखी पटलावर येतंच, त्याच दिवशी ते काढून घ्या आणि गावाकडे मराठीत पाठवा. शून्य प्रहराची नोटीस मात्र गेली ती गेली, दुसऱ्या दिवशी नवी द्यावी लागते. आणि वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, घोषणा देत उतरायचा निर्णय पक्षाचा असतो हे मान्य, पण निलंबन झालं तर तुमच्या नावावरचे प्रश्नसुद्धा यादीतून वगळले जातात, एवढं माहीत असू द्या.

बोलायला वेळच मिळत नाही

वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटला जातो आणि पक्षात तो ज्येष्ठांकडे जातो, त्यात तक्रार करून काही हलत नाही. आम्हाला जे जमलं ते सांगतो. ज्या विधेयकावर कुणी बोलायला तयार नसतं, बंदरं, मर्चंट शिपिंग, बॉयलर असले विषय, त्यावर तयारी करून पक्षाच्या व्हिपच्या (प्रतोदाच्या) ऑफिसात आधीच नाव द्यायचं आणि संध्याकाळी सातपर्यंत जागेवर बसून राहायचं. बाक रिकामे होत जातात, यादीतली नावं पुकारली जातात पण माणसं नसतात, आणि मग तुमचा नंबर लागतो. संसदेच्या ग्रंथालयाची संदर्भ सेवा खासदारांसाठी फुकट आहे, विषय सांगितला की माहिती काढून देतात, आणि तरी कित्येक ऑफिसं तिथे पायही ठेवत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

भाषेची लाज तर अजिबात बाळगू नका. मराठीत बोलता येतं, दुभाषाची सोय असते, फक्त आधी कळवून ठेवा म्हणजे बाकीच्यांच्या कानावर भाषांतर पोचतं. मोडक्या हिंदीत अडखळत वाचून दाखवण्यापेक्षा, आपल्या भाषेत सावकाश आणि डोळे वर करून बोललेलं कितीतरी जास्त पोचतं, हे मी गॅलरीत बसून पाहिलंय.

एखाद्या माणसावर नाव घेऊन आरोप करायचा असेल तर नियम ३५३ प्रमाणे अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आधी नोटीस लागते, नाहीतर वाक्य कामकाजातून काढलं जातं. आणि सभागृहात बोललेल्याला संविधानाच्या कलम १०५ चं संरक्षण आहे, तेच बाहेर पत्रकार परिषदेत नव्याने बोललात तर ते तुमच्या जबाबदारीवर.

समितीची बैठक बुडवणं

खात्यांवर नजर ठेवणाऱ्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. तिथे कॅमेरा नाही म्हणून नवीन लोक दुर्लक्ष करतात, पण मंत्रालयाचे सचिव समोर बसलेले असतात आणि मागच्या बाकावरच्या खासदारालाही त्यांना सरळ विचारता येतं. सभागृहात वर्षभर मिळणार नाही एवढा वेळ एका दुपारी मिळतो. मात्र बैठक गोपनीय असते, बाहेर पडून लगेच पोस्ट टाकलीत तर हक्कभंगाची वेळ येऊ शकते, अहवाल मांडला जाईपर्यंत थांबा.

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं विधेयक, हा वेळेचा अपव्यय, असं काही ज्येष्ठ सांगतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं १९७० मध्ये, हे खरं आहे. पण राजापूरचे खासदार नाथ पै यांनी, संसद मूलभूत हक्कांत दुरुस्ती करू शकत नाही असं सुप्रीम कोर्टाने गोलकनाथ निकालात म्हटल्यानंतर, १९६७ मध्ये संविधान दुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं, ते संयुक्त समितीकडे गेलं, देशभर चर्चा झाली, मंजूर मात्र झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै वारले, आणि त्याच वर्षी संसदेचा मूलभूत हक्कांत दुरुस्ती करायचा अधिकार सांगणारी २४ वी घटनादुरुस्ती सरकारने स्वतः आणली. त्यामुळे मांडा, पण एका टर्ममध्ये एकच विषय धरा आणि तो नीट लावून धरा, दरवेळी नवनवी विधेयकं टाकून संख्या वाढवू नका.

उत्तर आल्यावर फाईल बंद करणं

ही चूक आमच्याकडून झाली आणि ती मला अजून टोचते. तालुक्यातल्या एका रेल्वे पुलावर साहेबांनी अतारांकित प्रश्न विचारला, उत्तर आलं की माहिती गोळा केली जात आहे आणि ती पटलावर ठेवली जाईल. आम्ही वाचलं, उत्तर नाही म्हणून नाराज झालो आणि पुढच्या कामाला लागलो. त्या पुलाखालून शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वडिलांनी पुढच्या पावसाळ्यात फोन करून विचारलं की साहेब दिल्लीत बोलले होते त्याचं काय झालं, तेव्हा आमच्याकडे सांगायला काहीच नव्हतं. नंतर कळलं की असं उत्तर म्हणजे सरकारचं आश्वासन धरलं जातं, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं, आणि नाही केलं तर शासकीय आश्वासन समिती मंत्रालयाला जाब विचारते. अर्धवट उत्तरावर अर्ध्या तासाची चर्चाही मागता आली असती.

तेव्हापासून ऑफिसात एक जाड वही ठेवलीय. उत्तर आलं की त्याच दिवशी तारीख, मंत्रालय, प्रश्न क्रमांक, गावाचं नाव लिहायचं, शेजारी तीन महिन्यांनंतरची तारीख लाल पेनने, आणि ज्याने विषय आणला होता त्याला उत्तराची मराठी प्रत पाठवायची, उत्तर नकाराचं असलं तरी. त्या मुलीच्या वडिलांना पहिली प्रत पाठवली.