मेकॅनिकला फोन करण्याआधी

फ्रिज नीट थंड करत नाही असं वाटलं की आपण आधी नॉब फिरवतो आणि मग मेकॅनिकला फोन लावतो. या दोन कामांच्या मध्ये एक रात्र आणि एक सकाळ घालवावी असं माझं मत आहे. तेवढ्या वेळात काय काय उरकून ठेवायचं, ते इथे लिहून काढलंय. फ्रिज साफच बंद पडला असेल तर त्याची गोष्ट निराळी, ती शेवटी.

पहिलं काम रात्रीच करायचं, कारण त्याला वेळ लागतो. पेल्यात पाणी घ्या, त्यात फ्रिजचा थर्मामीटर बुडवा, पेला मधल्या कप्प्यात ठेवा आणि झोपा. (तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो इतकं खालचं मोजतच नाही.) नुसत्या हवेचं तापमान दार उघडलं की लगेच चढतं, पाणी मात्र रात्रभराचा हिशोब धरून ठेवतं. सकाळी आकडा ४ अंश किंवा त्याच्या खाली असेल तर फ्रिज बरा आहे, आपलीच तक्रार खोटी. ७-८ असेल तर पुढे चला. फ्रीझरमध्ये उणे १८च्या आसपास हवं. आणि साध्या नॉबवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, तिथे मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. डिजिटल पट्टीवर मात्र खरेच अंश असतात, म्हणजे तिथे लहान आकडा जास्त थंड. घरातल्या दोघांनी दोन वेगळ्या समजुतींनी ते आळीपाळीने फिरवलेलं असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. एकदा बदललं की पुढचे चोवीस तास हात लावायचा नाही, एवढं ठरवून टाका.

झोपण्याआधी आणखी एक गंमत करून घ्या. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत उभा ठेवा, दार लावा, दहा सेकंदांनी काढा. चित्रण काळंकुट्ट झालं तर ठीक. आतला दिवा जळतच राहिलेला दिसला तर दाराचं बटण अडकलंय. जुना पिवळा बल्ब असेल तर तो आतमध्ये चक्क शेकोटी करत असतो.

सकाळचं काम फ्रिजच्या मागे. फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. ती टाकायची जागाच बुजली की कॉम्प्रेसर दिवसरात्र धापा टाकतो आणि आत दूध नासतं. पिन काढा, फ्रिज सरळ पुढे ओढा, मागच्या काळ्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. खालच्या कॉम्प्रेसरच्या खणात बोळे साठतात, तेही काढा. सहा महिन्यांतून एकदा एवढं केलं तरी पुष्कळ. मागे जाळी दिसतच नसेल तर घाबरू नका. पुष्कळ नव्या फ्रिजमध्ये ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते, म्हणून तो पत्रा गरम लागतो. तो बिघाड नव्हे. मात्र मग त्या बाजूला कपाट टेकवून ठेवायचं नाही, चार बोटं तरी जागा सोडायची. परत लावताना पुढचे पाय किंचित उंच करा, म्हणजे अर्धवट सोडलेलं दार आपणहून मिटतं.

पुढचं, दाराचं रबर. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढून बघायचं. थोडं झोंबत यायला हवी. सहज सुटली तर तिथून हवा शिरते. चारही बाजूंनी वीतभर अंतराने बघा. रबर बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात हमखास ढिलं पडतं. बदलायची घाई नको. त्याच्या घड्यांमध्ये चिकट काळा मळ बसलेला असतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने जुन्या टूथब्रशने काढला तरी अर्ध्या वेळा काम होतं. चपटं झालेलं रबर गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने शेकलं की पुष्कळदा फुगून जागेवर येतं.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर आपण बाटलीला दोष देतो. मीही महिनाभर रोज पुसत होतो. मागच्या आतल्या भिंतीवर, अगदी खाली, पेन्सिल जाईल एवढं एक भोक असतं. मागून ओघळणारं पाणी त्यातून कॉम्प्रेसरवरच्या पसरट ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. माझ्या फ्रिजच्या त्या भोकात पालेभाजीची एक कुजलेली काडी आडवी बसली होती. कान कोरायच्या काडीने ती काढली, ड्रॉपरने कोमट पाणी सोडलं, मागे टप टप ऐकू आलं आणि महिन्याचं पुसणं संपलं. फ्रिजला उगाच वास येत असेल तर त्या मागच्या ट्रेमध्येही एकदा डोकावा. तिकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं.

आता बर्फ. सिंगल डोअरच्या डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये बर्फ पाऊण सेंटिमीटर चढला की डिफ्रॉस्टचं बटण दाबायचं, कारण बर्फाचा थर हा गोधडीसारखा असतो, थंडी बाहेर येऊ देत नाही. आणि थांबायचं. टोकदार काहीही लावायचं नाही. हे मी ठासून सांगतोय, कारण मी स्क्रूड्रायव्हर लावला आहे. बर्फात अडकलेला ट्रे सुटेना म्हणून एक हलकासा ठोका दिला आणि बारीक फस्स ऐकू आलं. अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यातच गॅसच्या नळ्या. मेकॅनिक आला, बघून एवढंच म्हणाला, “काका, तासभर थांबला असतात तर आपोआप सुटला असता.” असा आवाज आलाच तर खिडक्या उघडा, काडी ओढू नका, त्या खोलीतलं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. हल्लीच्या बहुतेक फ्रिजमधला आर-६००ए हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. प्रमाण थोडं असतं, दीडशे ग्रॅमच्या आतच, पण थोडं म्हणजे शून्य नव्हे.

फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपला आपण वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये बर्फ दिसायलाच नको. वर फ्रीझर कडक थंड आणि खालचा कप्पा कोमट, असं असेल तर आधी आतल्या हवेच्या जाळीसमोर डबा तर रेटलेला नाही ना, ते बघा. खाली थंडी पोचते ती पंख्याने ढकललेल्या हवेतून, तिलाच आडकाठी झाली तर नॉब कितीही फिरवा. जाळी मोकळी असूनही तेच, तर फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड बर्फाची भिंत झालेली असू शकते. फ्रिज रिकामा करून, पिन काढून, दार उघडं ठेवून एक दिवस सोडा. नंतर चार-आठ दिवस झकास चालला आणि पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, तर डिफ्रॉस्टचा हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर गेलाय, असा अंदाज बांधायला हरकत नाही. मेकॅनिकला हेच वाक्य जसंच्या तसं सांगा, त्याचा अर्धा तास वाचेल.

आवाजही टिपून ठेवा, खरं तर रेकॉर्डच करा, कारण माणूस दारात आला की फ्रिज शहाण्यासारखा वागतो. खळखळ म्हणजे गॅस वाहतोय, कडकट्ट म्हणजे प्लास्टिक आकसतंय, या दोन्हींकडे दुर्लक्ष. पण टक्क, जरा गुणगुण, पुन्हा टक्क, आणि दर काही मिनिटांनी हेच चालू असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतोय. रिले (तो सुरू करणारा भाग) किंवा ओव्हरलोड (तो तापला की बंद करणारा भाग) तपासायला सांगायचं.

मग आतली नेमप्लेट शोधा. ती बहुधा भाजीच्या ट्रेजवळच्या भिंतीवर किंवा फ्रिजच्या मागे असते. तिचा फोटो काढून ठेवा. मॉडेल, गॅसचं नाव आणि तो किती ग्रॅम, सगळं तिथे असतं. “गॅस संपलाय, भरावा लागेल” हे ऐकलं की तो फोटो उपयोगी पडतो. गॅस बंद नळ्यांमध्ये फिरतो, तो पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. तेव्हा गळती कुठे सापडली, फिल्टर बदलणार का, व्हॅक्यूम करणार का, म्हणजे नळ्यांमधली हवा ओढून काढणार का, आणि गॅस वजन करून भरणार का, हे चार प्रश्न विचारा. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जातो, हेही मी दोनदा भरून शिकलो.

आणि फ्रिज साफ बंद असेल तर? त्याच सॉकेटला दुसरं काही लावून बघा, स्टॅबिलायझर असेल तर त्यावरचा आकडा बघा. पिन काढून लगेच घालू नका, आतला दाब समान व्हायला पाच मिनिटं जाऊ द्या. तोवर दार उघडायचं नाही. बंद दारात खालचे पदार्थ साधारण ४ तास टिकतात, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. दूध, मांस, शिजवलेलं अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर चव बघत बसू नका, टाका. बाहेरगावी जाताना तर वीज कधी गेली आणि कधी आली ते कळतही नाही. त्यासाठी फ्रीझरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून जावं. परत आल्यावर नाणं वरच असलं तर निर्धास्त, तळाशी गोठलेलं दिसलं तर फ्रीझर रिकामा करायला पिशवी घ्या.