साखरांबा, छुंदा, मोरावळा : बरणी बिघडते ती या चुकांमुळे

जुलै लागला की इथे बडोद्यात आमच्याकडे कुणी ना कुणी बरणी घेऊन येतंच. दांडिया बाजारातल्या वहिनी असोत नाहीतर वरच्या मजल्यावर नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी असो, झाकण उघडून पुढे धरतात आणि म्हणतात, काकू बघा ना, हे असं काय झालं. मी आधी वास घेते, मग कोरड्या चमच्याने खालपर्यंत ढवळून बघते, आणि बहुतेक वेळा कारण एकच निघतं, कुठेतरी पाणी राहिलेलं असतं. कैरी धुवून ओलीच किसली, चमचा ओला होता, बरणी वरून कोरडी दिसली पण तळाशी ओल होती, किंवा पाकच कच्चा उतरवला.

साखर नुसती गोडीसाठी नसते हो. ती फळातलं पाणी धरून ठेवते, मग बुरशीला जगायला पाणी मिळत नाही. वर्षभर टिकवायचा साखरांबा असेल तर तयार झाल्यावर त्यात साधारण ६५ ते ६८ टक्के साखर असावी लागते, तारेची (पाकाचा थेंब दोन बोटांत धरून ताणला की सुटते ती तार) वगैरे सगळी परीक्षा शेवटी यासाठीच. ज्यांना तार कळत नाही त्यांना मी वजन करायला सांगते. रिकामं पातेलं आधी तोलून ठेवा. १ किलो किस आणि १ किलो साखर घेतली की आत २ किलो माल झाला, तो आटत आटत पातेल्याचं वजन वजा जाता १ किलो ६०० ते ६५० ग्रॅमवर आला की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर १०५ अंश, बडोदं फार उंचावर नाही त्यामुळे हा आकडा इथे तसाच चालतो. आणि काहीच नसेल तर फ्रीजमधल्या गार ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करा, थेंब पळाला नाही म्हणजे झालं.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. किस किंवा फोडी न शिजवताच साखरेत घालून सगळं एकदम गॅसवर ठेवायचं. साखर फळातलं पाणी ओढून घेते, फोडी आकसतात आणि चामड्यासारख्या होतात, मग कितीही शिजवा त्या मऊ होणार नाहीत. आधी किस दोन-चार चमचे पाण्यात नाहीतर वाफेवर शिजवून घ्या, काचेसारखा दिसायला लागला की मगच साखर. माझ्या पहिल्या वर्षीचा साखरांबा असाच दोरीसारखा झाला होता, सासूबाईंनी तो न बोलता पोळीशी खाल्ला आणि दुसऱ्या वर्षी फक्त एवढंच म्हणाल्या की आधी वाफव. त्याच्यानंतर ही चूक माझ्याकडून कधी झाली नाही.

कैरी कुठली घेतली यानेही फार फरक पडतो. खंडेराव मार्केटला (१९०६ सालची इमारत आहे ती, मागच्या बाजूला भाजीबाजार) मे महिन्यात राजापुरी कैरीचे ढीग लागलेले असतात, मोठी, गर भरपूर, रेषा कमी, छुंद्याला (किसलेल्या कैरीचं गोड-तिखट गुजराती लोणचं) हीच घ्यावी. पण घाईत पाडाची कैरी पिशवीत येते, बाहेरून हिरवी आणि आत पिवळसर. अशा कैरीला आंबटपणा कमी, आणि जेलीसारखा धरणारा पेक्टिनही कमी झालेला असतो, मग साखरांबा नुसता पाकासारखा वाहतो. एक कापून दाखवा म्हणावं, आतून पांढरट-हिरवी आणि कडक हवी. घरी आणल्यावर देठ कापून तासभर पाण्यात ठेवा म्हणजे चीक निघेल, मग पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा, पुसलं म्हणजे वाळलं असं नाही.

छुंद्याची गोष्ट वेगळी, तो गॅसवर नाही, उन्हात होतो, आमच्या गुजराती शेजारणी तडका-छायाचा म्हणतात. किसाला मीठ हळद लावून दोन-तीन तास ठेवायचं, सुटलेलं पाणी हलकं पिळून काढायचं, १ किलो किसाला सव्वा ते दीड किलो साखर. इथे लोक तीन गोष्टी चुकतात. एक तर उभट डबा वापरतात, ऊन फक्त वरच्या थराला लागतं आणि खाली फसफसायला लागतं, पसरट स्टीलचं पातेलं घ्या. साखर पहिल्या दिवशी घरातच ढवळून पूर्ण विरघळवा, मगच अगाशीत (गच्चीवर) ठेवा, तोंडाला पातळ मलमलचा दादरा बांधून. आणि संध्याकाळी आत आणायचंच, रात्रीचा दमटपणा लागू द्यायचा नाही. आठ-दहा दिवस कडक ऊन मिळालं की दीड तारेवर येतो. तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड शेवटच्या दिवशी घाला, आधी घातलं तर उन्हात तिखटाचा लाल रंग काळपट पडतो. आणि हे सगळं मे महिन्यातच उरकून घ्या, जूनचा मध्य आला की आभाळाचा काही भरवसा नाही. मधेच ढग आलेच तर घाबरू नका, पाच-सात मिनिटं मंद गॅसवर फिरवून पाक पुरा करा, चवीत थोडा फरक पडेल पण माल वाचेल.

भांड्याचं पटकन सांगते. ॲल्युमिनियम नको, कल्हई गेलेलं पितळ तर अजिबात नको, आंबट पदार्थ धातू खातो. स्टील घ्या.

भरताना काय होतं, कोमट असताना बरणीत घालतात आणि झाकण घट्ट लावतात. आतली वाफ झाकणाला धरते, थेंब होऊन वर पडते, आणि बरोबर त्या वरच्या थरावरच बुरशी येते. म्हणजे एक तर पूर्ण गार करून भरा, तोपर्यंत पातेल्यावर कापड, किंवा मग उकळता असतानाच उकळून कोरड्या केलेल्या गरम काचेच्या बाटलीत काठापर्यंत भरून लगेच झाकण लावा. मधलं काही नको. गरम माल गार काचेत ओतू नका, तडकते.

घरात शुगर आहे म्हणून साखर निम्मी करणारे आता खूप झालेत, त्यात चूक काही नाही पण मग तो वर्षाचा पदार्थ राहत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. अर्धा किलोच करा, फ्रीजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यात संपवा. गुळांब्याचंही तसंच, गूळ हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात सैल पडतो, म्हणून त्याची छोटी बरणी करा आणि गूळ आधी वितळवून गाळून घ्या, त्यात माती-काडी असतेच.

बिघडलेलं सुधारतं का, हे सगळे विचारतात. पातळ राहिला असेल आणि वास चांगला असेल तर परत आटवा. दगडासारखा झाला तर थोडं उकळतं पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर सैल करा, पुढच्या वेळी थोडा आधी उतरवा कारण गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतोच. साखर धरून दाणे झाले तर तोच उपाय, लिंबाच्या आंबटपणाने साखरेचे पुन्हा खडे होत नाहीत. पण बुडबुडे येत असतील, दारूसारखा वास असेल, किंवा बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी पूर्ण बरणी टाकायची. वरचं काढून खालचं खाऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका, बुरशीचे धागे आपल्याला दिसतात त्याच्या खाली गेलेले असतात. जिवावर येतं, मला माहितीये, दोन दिवसांची मेहनत असते, तरी टाका.

थंडीत मोरावळ्याच्या वेळी हीच पाण्याची भानगड उलट्या बाजूने होते. आवळे काट्याने टोचून, तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवून, धुवून वाफवले, इथपर्यंत सगळे नीट करतात, पण मग एकदम घट्ट पाकात टाकतात आणि आवळा सुकून खारकेसारखा होतो. पहिल्या दिवशी पातळ पाक, दुसऱ्या दिवशी आवळे बाजूला काढून फक्त पाक आटवायचा, तिसऱ्या दिवशी परत, असं करत दोन तारेवर आणायचं. लोखंडाची सुरी किंवा कढई नको, आवळा काळा पडतो. आणि बरणीत भरून कपाटात ठेवून मोकळं होऊ नका, आवळा आठवडाभर आतलं पाणी सोडत राहतो. चौथ्या आणि आठव्या दिवशी उघडून बघायचं, पाक सैल झाला असेल तर काढून पुन्हा उकळायचा, गार करून परत घालायचा. वरच्या मजल्यावरच्या मुलीचा मोरावळा मागच्या डिसेंबरात असाच आठव्या दिवशी पाण्यासारखा झाला होता, आम्ही दोघींनी पाक दोनदा आटवला, आणि होळीला तिच्या सासरची माणसं आली तेव्हा तीच बरणी पानात वाढली.