तलावाच्या पाण्याची नोंद ठेवताना या चुका टाळा

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं पाणी आम्ही सहा वर्षं मोजतोय. दर पंधरवड्याला तापमान घ्यायचं आणि प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, जाळीने गाळून मोजायचं. कटला मासा मुख्यतः त्यातल्या बारीक प्राण्यांवर, म्हणजे प्राणीप्लवकावर पोसतो, त्यामुळे ढिवर बांधवांच्या मच्छीमार सोसायटीचंही आमच्या वहीकडे लक्ष असतं.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात प्राणीप्लवकाचा आकडा एकदम दुप्पट झाला. सोसायटीत मत्स्यबीज वाढवायची बोलणी सुरू झाली. मला मात्र चैन पडेना. वही चाळली तर प्रत्येक पानावर एकच ओळ होती: ‘पाच बादल्या पाणी गाळलं.’ मग कळलं की जुनी दहा लिटरची बादली फुटली होती आणि पोरांनी रंगाची रिकामी बादली आणली होती, वीस लिटरची. पन्नास लिटरऐवजी शंभर लिटर पाणी जाळीतून जात होतं. तलाव होता तसाच होता.

आकड्याने अचानक उडी मारली की आधी साधन तपासा, पाण्याचा विचार नंतर करा. वहीत बादल्या लिहू नका, लिटर लिहा.

समुद्राच्या नोंदीतही हेच घडलं आहे, तेही बादलीमुळेच. १९४५ च्या सुमारास जगभरच्या समुद्रपृष्ठाचं तापमान जुन्या नोंदींत साधारण ०.३ अंशाने खाली आलेलं दिसतं. युद्धकाळात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या आणि ती इंजिनासाठी आत घेतलेलं पाणी मोजत. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या नोंदी वाढल्या. ती बादली सोडून पाणी काढत. कॅनव्हासच्या बादलीतलं पाणी वर येईपर्यंत बाष्पीभवनाने गार होतं. माठात पाणी गार होतं, तसंच हे.

म्हणूनच थर्मामीटर पाण्याबाहेर काढून वाचू नका. मे महिन्यात आपल्याकडे कोरडा वारा सुटतो. ओला फुगा त्या वाऱ्यात आला की आकडा बघता बघता खाली उतरतो. फुगा पाण्यात बुडालेला असतानाच वाचा, तेही दोन मिनिटं थांबून. आणि कडेला मोजू नका. आमच्या डोंग्यावरचे म्हातारेबुवा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “कडेचं पाणी तापते भाऊ, मंधातलं गारच रायते.” सांडव्यासमोर खोल पाण्यात एक बांबू रोवा आणि दरवेळी तिथेच मोजा.

वेळेची चूक तर मला वर्षभर दिसलीच नाही. उन्हाळ्यात प्लवक जास्त आणि हिवाळ्यात कमी, असा छान आलेख निघत होता. पण उन्हाळ्यात सकाळची शाळा, म्हणून पोरं सहालाच तलावावर येत. हिवाळ्यात यायला अकरा वाजत. प्राणीप्लवक रात्री वर येतं आणि ऊन चढलं की खाली जातं. त्या आलेखात ऋतू किती आणि शाळेचं वेळापत्रक किती, हे आता कुणालाच वेगळं करता येणार नाही. त्या वर्षाच्या पानांवर मी लाल शाईने वेळेतला फरक लिहून ठेवलाय. आता बारा महिने सूर्योदयानंतरच्या तासाभरातच नमुना घेतो.

जाळीचं कापडही असंच मध्येच बदलायचं नाही. युरोपाजवळच्या उत्तर समुद्रात १९३१ पासून आणि पुढे उत्तर अटलांटिक महासागरातही मालवाहू जहाजांच्या मागे प्लवक टिपणारं एक यंत्र ओढलं जातं. त्यात आजही रेशमाचीच पट्टी असते, छिद्रं साधारण २७० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून बारीक जीव बरेचसे निसटतात, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. पण निसटणं दरवर्षी सारखंच असतं, म्हणून आजची पट्टी जुन्या पट्टीशेजारी ठेवून बघता येते. आमची जाळी ६० मायक्रॉनची नायलॉनची आहे. पाणी हिरवंगार झालं की ती तुंबते आणि पाणी काठावरून सांडतं. सांडलेलं पाणी गाळल्यात धरू नका. जाळी बाहेरून धुवा आणि उरलेलं पाणी हळूहळू ओता.

नमुना बाटलीत भरला की फॉर्मालिन, म्हणजे नमुना टिकवणारं रसायन, तिथेच घाला, शंभर मिलीला दहा मिली. हे काम मोठ्या माणसाने हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून करावं. घरी नेऊन घालू म्हटलं तर उन्हात तासाभरात बाटलीतले जीव एकमेकांना खातात, उरलेले कुजतात. चिठ्ठी शिसपेनने लिहून बाटलीच्या आत टाका.

एखाद्या पंधरवड्याला जाणं झालं नाही तर रकाना रिकामा सोडा आणि ‘गेलो नाही’ असं लिहा. शून्य लिहायचं ते शोधूनही काही सापडलं नाही तरच.

यंदा आम्ही नवा थर्मामीटर आणलाय. जुना अजून टाकलेला नाही. वर्षभर दोन्ही एकाच दोरीला बांधून पाण्यात सोडतोय आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहितोय. आतापर्यंत जुना दरवेळी ०.४ अंशाने कमी दाखवतोय. वहीच्या पहिल्याच पानावर ते लिहून ठेवलंय.