रिवेट पक्का बसवायचा तर आधी लांबी मोजा

हार्डवेअरच्या दुकानात रिवेट मागितले की गल्ल्यावरचा माणूस हाताला लागेल ते पाकीट पुढे करतो आणि वर सांगतो, "लांबच घ्या, पक्कं बसेल." हा सल्ला ऐकून लावलेले रिवेट महिन्याभरात खुळखुळायला लागतात, आणि मग बिचाऱ्या रिवेट गनला शिव्या बसतात.

कुठे कोणता, ते पटकन सांगतो. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल आणि जोडावर सतत ताण येणार असेल, तर भरीव रिवेट: कढईचे कान, झाऱ्याचा दांडा, सुरीची मूठ. मागून हात जात नसेल तर पॉप रिवेट, म्हणजे मधे पिन असलेली पोकळ नळी, जिची पिन गनने पुढूनच ओढायची: नंबरप्लेट, जाळीची चौकट, पत्र्याचं कपाट. चामडं आणि ब्रेक लायनरसाठी शेपटीकडून पोकळ असलेले रिवेट मिळतात. पाणी आत जाता कामा नये अशा जागी बंद टोकाचा पॉप रिवेट घ्या, कारण साध्याच्या मधून पाणी झिरपतं. ॲल्युमिनियमला शक्यतो ॲल्युमिनियमच लावा. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात ॲल्युमिनियमचा रिवेट घातला आणि तिथे ओल राहिली, की रिवेटच खाल्ला जातो. नेहमीच्या ॲल्युमिनियम पॉप रिवेटमधली पिन लोखंडी असते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तिच्या गंजाचे ओघळ पत्र्यावर उतरतात, म्हणून तिथे पिनही ॲल्युमिनियमची मागून घ्या.

आता लांबी. सगळी गोम इथेच आहे, आणि या टप्प्याने मलाही बराच काळ छळलं आहे. जोडायचे थर एकमेकांवर दाबून एकूण जाडी मोजा. मधे रबर किंवा वॉशर असेल तर तेही त्यात धरा. या जाडीत रिवेटच्या व्यासाची साधारण दीडपट मिळवली की लागणारी लांबी मिळते. एकेक मिलिमीटरचे दोन पत्रे आणि 3.2 मिमीचा रिवेट असेल, तर 2 अधिक 4.8, म्हणजे 6.8. बाजारात 6.4 मिमी लांबीचा मिळतो, तो इथे बरोबर बसतो. चांगल्या पाकिटावर तो किती जाडी धरतो हे छापलेलंच असतं. ते वाचा, दुकानदाराला विचारू नका.

लांब रिवेटचं काय बिघडतं? पिन ओढली की पोकळ नळी मागे फुगते आणि तो फुगवटा पत्र्याला चिकटून बसायला हवा. नळी फाजील लांब असली की ती पत्र्यापासून दूरच फुगते आणि पत्रे आवळले जायच्या आत पिन टक् करून तुटते. पुढून डोकं झकास दिसतं. बोटाने फिरवून पाहा, गरागरा फिरेल. आखूड रिवेटला मागे धरायला काही उरतच नाही, जरा ओढ बसली की भोकातून निसटतो. म्हणून त्याच जाडीच्या दोन भंगार तुकड्यांवर एक रिवेट मारा आणि मागची बाजू बघा. फुगवटा पत्र्याला लागून, बसका आणि सगळीकडून सारखा हवा. मागे देठासारखी नळी दिसली तर पाकीट बदलून आणा.

भोकाबाबतही तेवढाच चोखंदळपणा ठेवा. 3.2 ला 3.3 चं भोक, 4 ला 4.1, 4.8 ला 4.9. डब्यात ड्रिलचा 3.5 चा बिट आहे म्हणून तोच चालवायचा नाही; नळी तिरकी होते आणि जोड सैल राहतो. भोक पाडून झालं की पत्रे वेगळे करा. कडेला उठलेली कूस मोठ्या बिटाने हातानेच फिरवून काढा आणि मधला चुरा झटका. चुऱ्याचा एक कण मधे राहिला तरी फट राहते. भोक पत्र्याच्या कडेपासून निदान दोन व्यास आत घ्या, नाहीतर कड फाटते.

गन पत्र्याला काटकोनात टेकवून दाबा आणि ओढा. आधी दोन टोकांचे रिवेट, मग मधले.

कढईच्या कानाला पॉप रिवेट लावणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, नका लावू. तो पोकळ असतो, त्यात तेल-मसाला साचतो आणि लोखंडी पिन गंजते. ॲल्युमिनियमच्या कढईला भरीव ॲल्युमिनियमचा रिवेट आतून घाला, म्हणजे गुळगुळीत डोकं आत राहील. बाहेर व्यासाच्या दीडपट शेपूट उरू द्या. 5 मिमीच्या रिवेटला साडेसात. त्याहून जास्त असेल तर कापा, नाहीतर ठोकताना वाकतो. डोक्याखाली ऐरण किंवा जाड लोखंडी ठोकळा हवाच. लाकडावर किंवा फरशीवर ठोकलंत तर अर्धा मार वाया जातो. पहिले दोन घाव सपाट तोंडाने सरळ द्या, म्हणजे रिवेट भोकात फुगून घट्ट होईल. मग गोल तोंडाने कडा उतरवा. मोजके, वजनदार घाव घाला. टुकटुक करत बसलात तर ॲल्युमिनियम कडक होऊन कडेला चिरा जातात. (1943 मध्ये खुला झालेला हावडा पूल नट-बोल्टशिवाय, रिवेटवर उभा आहे. अशा कामात रिवेट लालबुंद तापवून ठोकतात आणि तो गार होताना आकसून पोलाद आवळतो. आपल्या कढईला एवढा थाट लागत नाही.)

जुना पॉप रिवेट काढताना आधी पिनचा उरलेला तुकडा पंचने आत ठोका, नाहीतर बिट घसरतो. मग रिवेटच्याच मापाच्या बिटाने फक्त डोकं उडवा आणि उरलेली नळी मागे ढकला. डोकं बिटाबरोबर फिरायला लागलं तर जोर वाढवू नका, छिन्नीची धार कडेखाली दाबून ते अडवा. भोक मोठं झालं असेल तर वॉशरचे जुगाड सोडा आणि पुढच्या मापाचा, म्हणजे 3.2 च्या जागी 4 चा रिवेट घाला.