खोलीतली हायड्रोपोनिक्स बाग आणि कोकणातली हवा: या चुका टाळा

पावसाळ्यात आमच्याकडे कोथिंबीर आणि मिरची घाटावरून येते. आंबा घाटात दरड आली की भाव चढतात आणि जुडी उघडावी तर आतून काळी. याला कंटाळून पाच वर्षांपूर्वी पडवीलगतची खोली रिकामी केली, एलईडी टांगले, बादल्या मांडल्या आणि मातीशिवाय, खतं विरघळवलेल्या पाण्यावर (हेच हायड्रोपोनिक्स) लेट्यूस, बेझिल, मिरची, काकडी लावली. रत्नागिरी तालुक्यातलं खाडीकाठचं गाव, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. शेजारचे अण्णा दारातून डोकावले आणि म्हणाले, "मुळं पाण्यात बुडवून ठेवलीस तर कुजतील नाय तर काय होईल रे?"

पहिल्याच जुलैत सगळं कुजलं. अण्णांचं भाकीत बरोबर, कारण मात्र वेगळं. मुळं पाण्यामुळे कुजली नव्हती, पाण्यात हवा नव्हती म्हणून कुजली होती. पुढे जे जे बिघडलं त्यातलंही बरंचसं हवेपाशीच येऊन थांबलं: मुळांपाशी हवा नाही, पानांभोवती हवा हलत नाही.

परदेशी व्हिडिओंतले आकडे उचलू नका

खोलीत दिव्याखाली झाड वाढवण्याचे नेटवरचे बरेचसे व्हिडिओ औषधी गांजा पिकवणाऱ्या परदेशी लोकांचे असतात. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली गांजाची लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे, "औषधापुरतं एकच रोप" म्हटलं तरीही. त्यामुळे तो विषय इथेच सोडू. पण शेंडा खुडणं, फांद्या वाकवून बांधणं, झाड आडवं पसरवून प्रत्येक फांदीला प्रकाश देणं, हे त्या लोकांनी फार बारकाईने बसवलंय आणि ते मिरचीला सुंदर लागू पडतं. आकडे मात्र त्यांचे त्यांच्यापाशी. त्यांना थंडीत तळघर गरम करावं लागतं. आपल्याला मे महिन्यात टाकीत हात घातला तर पाणी आंघोळीला चालेल इतकं कोमट लागतं.

२० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच गरमीत मुळांची भूक मात्र वाढलेली असते. मग मुळं कुजवणारा पिथियम हा बुरशीसारखा जीव शिरतो. मुळं तपकिरी होतात, बोटांत धरून ओढली की वरची साल सुटून येते, आत दोऱ्यासारखा गाभा राहतो आणि हाताला गटाराचा वास येतो. हा वास एकदा घेतला की विसरत नाही.

टाकी गार ठेवायला मी आधी तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं. घाटावरच्या कोरड्या हवेत तो उपाय चालतो. आमच्या दमट हवेत गोणपाटाचं पाणी उडतच नाही, तर गारवा कुठून येणार? शेवटी जांभ्यात खड्डा घेऊन टाकी गळ्यापर्यंत जमिनीत बसवली. भर उन्हाळ्यात दुपारी फ्रीजरमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या झाकण न उघडता आत सोडतो. माशांच्या टाकीचा एअरपंप चोवीस तास चालू. हा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. खाली ठेवला तर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं आणि पंप जळतो. माझा एक असाच गेलाय.

टाकीत उजेड शिरू देऊ नका. पांढरी अर्धपारदर्शक बादली घेतलीत तर आठवड्यात शेवाळ धरतं. आधी काळा रंग मारा, वरून पांढरा.

लाइट जाणार हे गृहीत धरा

उतरत्या पाइपांतून पाण्याची पातळ धार सोडायची, ती एनएफटी पद्धत दिसायला देखणी. पण पंप बंद पडला की गरमीत तासाभरात मुळं सुकायला लागतात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात इकडे कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. मुळं बादलीतल्या पाण्यात सोडलेली किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणांच्या भुशात) रुजवलेली असतील तर तुमच्या हातात निदान काही तास असतात. कोकणात पहिली बाग एनएफटीची करू नये, हे माझं ठाम मत. बॅटरीवरचा छोटा एअरपंप घेऊन ठेवा, फार महाग नसतो.

ईसी मीटर मीठ आणि खत वेगळं सांगत नाही

इथे मी एक अख्खा उन्हाळा फुकट घालवला. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज (इथले आकडे मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरचे). लेट्यूसला तो ०.८ ते १.२ लागतो, मिरचीला फळं धरल्यावर २ च्या आसपास. पावसाळ्यात माझ्या विहिरीच्या पाण्याचा ईसी ०.१ असतो. त्या सवयीने मे महिन्यातही मी टाकीत १.२ दिसेपर्यंत खत घातलं. लेट्यूसची जुनी पानं कडेने करपली, नवी पिवळी पडली. मला वाटलं उपाशी आहे. बरोबरच होतं, पण का उपाशी ते कळेना. एके दिवशी सहज नुसतं विहिरीचं पाणी मोजलं तर ०.९! उन्हाळ्यात विहीर खाली गेली की खाडी आत सरकते. म्हणजे १.२ मधलं ०.९ बहुतेक मीठच, झाडाच्या वाट्याला जेमतेम ०.३.

तेव्हापासून खत घालण्याआधी दर वेळी कोरं पाणी मोजतो. ऑगस्टमध्ये पागोळीचं पाणी गाळून हजार लिटरच्या काळ्या टाकीत भरतो, ते एप्रिल-मेसाठी. पहिले काही पाऊस सोडून द्यायचे, कौलांवर वर्षभराची धूळ आणि माकडांचे प्रताप असतात. टीडीएस पेन (ईसीला ठरावीक आकड्याने गुणून क्षार दाखवणारं) वापरत असाल तर ते ५०० ने गुणतं की ७०० ने ते बघून घ्या. १.४ ईसीचं तेच पाणी एका पेनावर ७०० दिसतं, दुसऱ्यावर ९८०.

घरच्या सोडणांचं कोकोपीट करणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणांच्या भुशात मीठ मुरलेलं असतं. गोड्या पाण्याने धूत राहा, निथळलेल्या पाण्याचा ईसी ०.५ च्या खाली येईपर्यंत. मग एक रात्र कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवा आणि पुन्हा धुवा. ही रात्र चुकवलीत तर भुसा तुमच्या द्रावणातलं कॅल्शियम ओढून घेतो.

खतं आणि पीएच

१९:१९:१९ वर हायड्रोपोनिक्स होत नाही. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो, तो जमिनीतले जिवाणू मोडून देतात. तुमच्या स्वच्छ टाकीत ते कामगार फारसे नाहीत. शिवाय त्यात कॅल्शियमही नाही.

कॅल्शियम नायट्रेट एका डब्यात. मॅग्नेशियम सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्या डब्यात. घट्ट द्रावणं एकत्र ओतली की ताकासारखं पांढरं होतं आणि तळाला चुन्यासारखा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे झाडाचं जेवण, आता दगड झालेलं.

पीएच ५.५ ते ६.५ मध्ये हवा. आमचं जांभ्यातलं पाणी हलकं, त्यात आम्ल जिरवणारे क्षार कमी. त्यामुळे फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने घाला, नाहीतर पीएच सातावरून थेट चारावर येतो. लिंबू, व्हिनेगर नको. जिवाणू ते खातात आणि दोन दिवसांत पीएच परत वर. एका मित्राने कोकमाचं आगळ घातलं होतं. आगळात मीठ किती असतं ते कोकणी माणसाला सांगायला नको होतं. पीएच मीटर महिन्यातून एकदा ४ आणि ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) तपासा.

पानाचं टोक जळलं म्हणून कॅल्शियम ओतू नका

जुलैत लेट्यूसच्या गाभ्यातल्या कोवळ्या पानांची टोकं तपकिरी होतात. सगळे सांगतात कॅल्शियम कमी. टाकीत ते भरपूर असतं. पण कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतं आणि पानांतून पाणी उडालं तरच खालचं पाणी वर जातं. बाहेर ९० टक्के आर्द्रता, खोली बंद, पानाला घाम फुटणार कसा? टोमॅटोच्या बुडाला पडणारा काळा डागही याच घराण्यातला.

उपाय पंख्याचा. पानं सतत हलकी थरथरतील इतका वारा हवा, एका बाजूने आत आणि समोरून बाहेर. दुसरा उपाय मला उशिरा सुचला: दिवे रात्री लावायचे. संध्याकाळी सातला चालू, सकाळी नवाला बंद, लेट्यूसला चौदा तास पुरतात. पावसाळ्यात दिव्यांची ऊब रात्रीची ओल थोडी मोडते आणि उन्हाळ्यात दुपारच्या गरमीवर दिव्यांची गरमी चढत नाही.

वाकवणं, खुडणं, बांधणं

हायड्रोपोनिक्समधलं झाड कायम पाण्याने टंच असतं, त्यामुळे मिरचीची फांदी वाकवायला गेलं की काकडीसारखी कडकन मोडते. दिवे बंद व्हायच्या जरा आधी, झाड दमलेलं असताना वाकवा. फांदी दोन बोटांत धरून हलकी चेपत पुढे सरकायचं, आतला ताठा सैल पडल्याचं बोटाला कळतं. मग थोडी वाकवा, बांधा, दोन दिवसांनी आणखी थोडी. चीर गेलीच तर लगेच जुळवून चिकटपट्टी गुंडाळा, बहुधा सांधते.

बांधायला सुंभ घेऊ नका, साल कापतो. सुतळी ओल धरते आणि तिच्याखाली बुरशी येते. जुन्या सुती साडीच्या काठाच्या पट्ट्या सगळ्यांत बऱ्या, आणि गाठ सैल.

मिरचीचा शेंडा सहा-सात पानांवर एकदा खुडला की पुरे. ज्या दिवशी शेंडा खुडला त्या दिवशी खत बदलू नका, दोन्ही धक्के एकदम नकोत. काकडी एकाच खोडावर दोरीने वर न्या, बगलेतले फुटवे बोटाएवढे असतानाच काढा. बी घेताना परागीभवनाशिवाय फळ धरणारा वाण मागा, खोलीत मधमाश्या येणार नाहीत. खालची पानं काढताना एका वेळी दोन-तीनच, आणि खोडाशी खुंट ठेवायचा नाही. आमच्या ओलीत कुजणं त्या अर्ध्या इंचाच्या खुंटापासून सुरू होतं आणि खोडात उतरतं. छाटणी दिवे लागल्यावर, पंखा चालू असताना, कात्री स्पिरिटने पुसून.

बेझिलची खालची मोठी पानं तोडून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. आजी वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडते, तसं वरून खुडा. प्रत्येक खुडलेल्या टोकाला दोन फांद्या फुटतात.

उरलेलं, थोडक्यात

जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारा आणि क्लिपा द्रावणात नकोत, जस्त विरघळतं. खारी हवा प्लगच्या पितळी पिना हिरव्या करते, त्या पुसत राहा. पाणी आणि वीज एका खोलीत आहेत, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय सुरुवातच करू नका. ट्रायकोडर्मा (मुळांना राखणारी उपकारक बुरशी) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र घालू नका, दुसरं पहिल्याला मारतं. उंदीर नळ्या कुरतडतात, त्याला माझ्याकडे मांजर सोडून उपाय नाही.

टाकीतलं द्रावण दोन आठवड्यांनी बदलायचं. काढलेलं पाणी विहिरीजवळ ओतू नका. जांभ्यातून नायट्रेट झिरपायला वेळ लागत नाही, ते परत आपल्याच हंड्यात येतं. विहिरीपासून लांबच्या माडांच्या आळ्यांत थोडं थोडं वाटून घाला. अण्णांचे दोन माड आमच्या गडग्याला लागून आहेत, ते हल्ली आठवण करायला स्वतःच येतात.