सहा सिस्टीन आणि एक निरगाठ

"लोक जाळ्या-जळमटं झाडून काढतेत, अन् तू कोळ्यावर प्रोजेक्ट करायलास?" लातूरला एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षी विषय सांगितला तेव्हा आईचा हा पहिला प्रश्न. विषय घेण्याचं कारण साधं होतं. विभागात एनएमआरचं, म्हणजे चुंबकाने रेणूची रचना शोधायचं, यंत्र नव्हतं, आणि प्रोटीन डेटा बँक, म्हणजे आधीच शोधलेल्या प्रथिनांच्या रचनांचा ऑनलाइन साठा, फुकट आहे.

मी घेतलं हानाटॉक्सिन. चिली रोझ नावाच्या टॅरँटुलाच्या विषातलं, अवघ्या ३५ अमिनो आम्लांचं. १९९५ साली स्वार्ट्झ आणि मॅकिनन यांनी त्याची ओळख करून दिली. ते पोटॅशियम चॅनलचं, म्हणजे पेशीतल्या पोटॅशियमच्या दाराचं, भोक बुजवत नाही. विद्युतदाब ओळखणाऱ्या भागाला चिकटतं, मग दार उघडायला जास्त जोर लागतो. पहिल्या सेमिनारमध्ये मी "भोक बुजवतं" असंच ठोकून दिलं होतं.

डेटा बँकेतली त्याची फाइल उघडली तर पडद्यावर नुसतं गुंतवळ. एनएमआरच्या फाइलमध्ये एकाच रेणूची अनेक मॉडेल असतात, हे ठाऊकच नव्हतं. एकच मॉडेल ठेवा, साखळीच्या रंगीत रिबन-चित्राच्या नादी लागू नका, आधी सिस्टीन मोजा. सिस्टीन म्हणजे गंधक असलेलं अमिनो आम्ल; दोघांचे गंधक जोडले की बंध होतो. इथे सहा आहेत. सहांच्या जोड्या १५ प्रकारे लागू शकतात. इथे लागते ती १–४, २–५, ३–६. पहिले दोन बंध आणि मधली साखळी मिळून कडं होतं, तिसरा बंध त्यातून आरपार जातो. सुरगाठ नव्हे, निरगाठ. दाव्याची आवळलेली गाठ सोडवताना ज्याची नखं दुखलीत त्याला हे वेगळं समजवायला नको. म्हणूनच असे रेणू सहसा उष्णतेला आणि प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना दाद देत नाहीत. सुतळीने करून बघा. मी करदोड्याने केलं.

खरी चूक सिम्युलेशनमध्ये झाली. याच घराण्यातल्या दुसऱ्या विषाचं स्वतः बनवलेलं मॉडेल मी ग्रोमॅक्समध्ये, म्हणजे रेणूंची हालचाल संगणकावर चालवून बघायच्या प्रोग्राममध्ये, घातलं. गंधकाचे दोन अणू साधारण २ अँगस्ट्रॉमवर (अणूंमधलं अंतर मोजायचं एकक) दिसले तरच ग्रोमॅक्स बंध धरतं. माझी एक जोडी लांब राहिलेली. त्याने बंध न धरता दोन्हींना मुकाट हायड्रोजन लावून टाकले. आठवडाभर गाठ सैल होत गेली आणि मी तिला "लवचिकता" म्हणून प्रबंधात लिहिणार होतो! गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "गंधकातलं अंतर बघितलंस का रे?"

पुन्हा आठवडा गेला. आता टोपॉलॉजी फाइलमध्ये (कोणता अणू कोणाला जोडलाय त्याची यादी) तिन्ही बंध बोटाने मोजल्याशिवाय मी रन लावत नाही. आणि लाइट गेली तर पहिल्यापासून सुरू करू नका. दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहिला जातो, तिथून पुढे चालवता येतं. मला हे तिसऱ्यांदा लाइट गेल्यावर कळलं.